पूनमच्या घरची फाइल

मनीषा मॅमचा फोन आला तेव्हा अश्विनी 'खबरबात'च्या शेवटच्या पानाशी झगडत होती. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अंगात काय घातलंयस?" मॅमनी विचारलं.

"मॅम?"

"कपडे गं. रंग कुठला?"

"हिरवा कुर्ता."

"मग बदलू नकोस, पांढरं तर नकोच. तुझ्या त्या फाइलचे छापील कागद घे आणि खाली ये. मी गाडीत बसलेय."

बऱ्हाणपुरात छावणी नाही की मेस नाही. पण नवरा सीमेवर गेला की बायकोला सोबत नेता येत नाही, मग कुणी सासरी येऊन राहतं, कुणी माहेरी. काही जोडपी निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिली. अशा अकरा जणींचा मिळून अधिकाऱ्यांच्या बायकांचा क्लब होता. निवृत्त कर्नल नंदकुमार यांच्या पत्नी मनीषा मॅम त्याच्या अध्यक्ष. 'खबरबात' हे क्लबचं चार पानी मासिक. पहिल्या पानावर कोण आलं, कोण गेलं; दुसऱ्यावर तंबोला आणि फोपनारच्या केळीबागेतली सहल; तिसऱ्यावर पाककृती आणि वाढदिवस. चौथं पान अश्विनीचं होतं, 'हक्काचं पान'. आजारपणात कुठलं कार्ड कुठे चालतं, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कधी करायचा, कुटुंबाच्या पेन्शनला काय काय लागतं, असं सगळं ती त्यात नियमाच्या तारखेनिशी छापायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून कॅप्टन अनिकेतशी लग्न झालेल्या या मुलीला मोघम काही खपत नसे.

"तुझं पान वाचलं ना, की आपण आत्ताच विधवा झालो असं वाटतं," बायका तिला म्हणायच्या आणि पान उलटून पाककृतींकडे वळायच्या. मागच्या अंकासोबत तिने एक जोडपत्र वाटलं होतं. 'घरातली फाइल' असं त्याचं नाव. लग्नाचा दाखला, खात्याचं पासबुक, विम्याचा वारस, असे चौदा रकाने त्यात होते. अकरांपैकी एकीनेही ते भरलं नाही. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी नुसतंच हसलं.

मॅमनी गाडी सुरू केली आणि समोर बघतच म्हणाल्या, "गौरव गेला."

मेजर गौरव भंगाळे. पूनमचा नवरा. अश्विनीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच की अनिकेत नाही. मग त्याची लाज वाटली. ते आधी आलं होतं हे मात्र तिला नाकारता येईना.

"पहाटे गाडी दरीत गेली. त्यांच्या कमांडिंग ऑफिसरच्या बायकोचा मला फोन होता. डॉक्टरचा कागद हातात आला की सीओ साहेब स्वतः पूनमला सांगणार. तास, दीड तास लागेल. तोवर ती एकटी नको, म्हणाली."

"ओळख पटलीये का नक्की?"

"पटली म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"अश्विनी, ही तुझी प्रयोगशाळा नाही." मॅमचा आवाज चढला नाही. "आणि नीट ऐक. आपण सांगायचं नाही. आमच्या एका स्टेशनवर एकाच आडनावाचे दोन कॅप्टन होते. एका बाईने मायेपोटी आधी जाऊन सांगितलं, ते चुकीच्या घरी. तो दोन महिन्यांनी धडधाकट परत आला. त्याची बायको मात्र पुढे कित्येक वर्षं दाराची बेल वाजली की मटकन खाली बसायची. म्हणून कागद आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही."

"मग आपण जाऊन करायचं काय?"

"तुझी फाइल भरायची. निमित्तही होईल आणि ते सगळे कागद उद्यापासून लागणारच आहेत. आज संध्याकाळी तिला कपाटाची चावी कुठंय तेसुद्धा आठवायचं नाही. मी हे तिसऱ्यांदा करतेय. आधीच्या दोघींचे कागद महिनाभर सापडले नव्हते."

अश्विनीने मांडीवरचे छापील कागद उलटे करून ठेवले.

पूनमचं घर शनवारा वेशीजवळच्या एका गल्लीत होतं. सासू विमलकाकू निवृत्त शिक्षिका. त्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर मेथी निवडत बसल्या होत्या. मॅम त्यांच्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या.

"काकू, डोकं ठणकतंय. टीव्ही बंद केला तर चालेल का?"

"करा ना माय. नुसतं बोंबलत राहते ते. या, जुडी घ्या हातात, डोकं दुखायचं थांबंन." काकूंनी अर्धी मेथी त्यांच्यापुढे सरकवली. मॅमनी ती घेतली.

पूनम आतून हात पुसत आली. "दोघी मिळून? म्हणजे वर्गणी नक्की."

"अश्विनीची फाइल," मॅम म्हणाल्या. "घरोघर जाऊन भरून घेतोय. सुरुवात तुझ्यापासून."

"माझ्यापासूनच का? बाकीच्या दहा जणींचे नवरे काय अमरपट्टा घेऊन आलेत?" पूनम हसली. "चल गं आत. महिनाभर मागे लागली आहेस, एकदाचं होऊन जाऊ दे. लेकिन चाय पहले."

क्लबमध्ये कॅप्टनच्या बायकोने मेजरच्या बायकोला मॅम म्हणायचं असतं. पहिल्याच भेटीत पूनमने अश्विनीला बजावलं होतं, "मला मॅम म्हणालीस तर तुझं पत्रक फाडीन." तेव्हापासून दोघी अगं-तुगंवर होत्या. अनिकेतच्या फोनला रेंज नसली, निरोप आला नाही, की अश्विनी तिच्याकडेच यायची.

चहा झाला. पूनमने कपाटातून कागदांनी फुगलेली पिशवी काढून पलंगावर उपडी केली. "बाबा पेपर मिलमध्ये होते. आमच्या घरात कागदाला कधी तोटा नव्हता. कामाचा कागद तेवढा सापडायचा नाही." तिने फोन उशीवर टाकला. त्याच्या प्रत्येक बारीक थरथरीला अश्विनीचं पेन थबकत होतं. एकदा दुधवाल्याचा मेसेज आला, एकदा कुठल्या तरी साड्यांच्या सेलचा.

लग्नाचा दाखला सापडला. त्यावर चिकटवलेल्या फोटोत गौरवचे डोळे मिटलेले होते.

"बघ हे ध्यान. फोटोवाल्याने तीनदा काढला, तिन्ही वेळा मिटले. शेवटी तो म्हणाला, साहब, युद्धातही असेच मिटता का?"

अश्विनी हसली. हसणं कसं आलं ते तिला कळलं नाही, पण ते आलं आणि खरंच वाटेल असं आलं. तिने रकान्यात बरोबरची खूण केली.

आधार झालं, रक्तगट झाला, सेवेचं ओळखपत्र झालं. नवव्या रकान्यात विम्याचा आणि फंडाचा वारस लिहायचा होता. पूनमने पिशवीच्या तळातून घडीवर फाटत आलेला एक कागद काढला, वाचला आणि परत वाचला.

"वा रे वा."

"काय झालं?"

"वारस, आई. शंभर टक्के." तिने कागद अश्विनीपुढे नाचवला. "हे लग्नाआधीचं. बदललंच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, म्हणजे मी सहा वर्षं फुकटात भांडी घासली ना?"

अश्विनीने तारीख पाहिली. तिच्याच पानावर, फेब्रुवारीच्या अंकात, लग्नानंतर वारसनोंद आपोआप बदलत नाही असं छापलेलं होतं. पानाचा उरलेला भाग तंबोल्याच्या फोटोला द्यायचा म्हणून ती ओळ बारीक अक्षरात गेली होती.

पूनमने फोन उचलून तोंडाशी धरला. "अहो मेजर साहेब, लग्न माझ्याशी केलंत की आईंशी? आज फोन कराल तेव्हा आधी याचं उत्तर द्यायचं, मग जेवलीस का ते विचारायचं. आणि कालपासून फोन लागत नाही, ते रेंज-बिंज मला सांगू नका. सोंगं पुरे झाली तुमची." बोटाने निरोप सोडून तिने फोन पाहिला. "एकच टिक. वर पोस्टवरच आहेत अजून."

बाहेर मॅम विमलकाकूंना विचारत होत्या, मेथीत मूगडाळ घालता की तूरडाळ.

"थांब, युनिटच्या ऑफिसातच विचारते," पूनम म्हणाली. "तिथला क्लार्क भला आहे. फॉर्म लगेच पाठवेल. हे पठ्ठे दिवाळीपर्यंत टाळतील." ती नंबर शोधू लागली.

युनिटच्या ऑफिसात आज तो फोन कोण उचलेल, आणि पूनमचं नाव ऐकल्यावर त्याच्या तोंडून काय निघेल, हे अश्विनीला स्पष्ट दिसलं. एक अनोळखी माणूस आधी गप्प होईल, मग अडखळेल, मग मागे कुणाला तरी हाक मारेल. तेवढ्यावरून पूनमला सगळं कळेल.

"फोन नको करूस."

"का? तूच तर छापलंस ना, लग्नानंतर बदलून घ्या म्हणून?"

"आता बदलता येणार नाही."

"मतलब? शेवटची तारीख असते का त्याला?"

अश्विनीने पेनाचं टोपण लावलं. पूनमचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. तिने अश्विनीकडे पाहिलं, मग पलंगावर ओळीने लावलेल्या कागदांकडे, मग दाराकडे.

"मॅम मेथी का निवडतायत?" तिने विचारलं. "त्यांच्या घरी दोन बाया आहेत कामाला."

"पूनम."

"बोल. तू बोल."

"पहाटे गाडी दरीत गेली. गौरव गेले. डॉक्टरचा कागद झाला की सीओ साहेबांचा फोन येईल. मी सांगायचं नव्हतं."

पूनम रडली नाही. हातातला वारसाचा कागद तिने होत्या त्याच घड्यांवर दुमडला.

"तुला कधी कळलं?"

"अकरा दहाला."

पूनम भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून पाहत राहिली. साडेबारा उलटून गेले होते.

"चहा प्यायलीस."

"हो."

"मला तो फोटोवाला दाखला काढायला लावलास. हसलीस."

"हो."

मॅमचं ऐकलं तेही चूक होतं आणि मोडलं तेही, आणि दोन्ही तिनेच केलं होतं.

"तो निरोप," पूनम एकदम म्हणाली. "त्यांचा फोन सामानात घरी येईल. आई लावून ऐकतील. मी सोंगं म्हणालेय." तिने फोन धरला, पण बोटं कुठेच नीट पडेनात. तीनदा चुकीचं काहीतरी उघडलं. शेवटी तिने तो अश्विनीपुढे केला.

अश्विनीने निरोपावर बोट दाबून धरलं आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' निवडलं.

"त्यांना पोचला नव्हता ना?"

"नाही. एकच टिक होती. त्यांच्या फोनपर्यंत गेलाच नव्हता."

"नक्की?"

"नक्की."

त्या दिवसात एवढी एकच गोष्ट अश्विनीला खात्रीने सांगता आली. पूनमने मान हलवली. मग परत घेतलेला फोन तिच्या हातातच वाजला. तिने नाव वाचलं, पदर सारखा केला आणि उचलला.

"जय हिंद सर." ती ऐकत राहिली. "हो सर. कळलं सर." मग तिने रिकामी पिशवी सरळ करून ठेवली. "नाही सर, एकटी नाहीये. आहेत इथे." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "आईंना मी सांगते. तुम्ही नका फोन करू त्यांना. त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर दोनदा सांगावं लागेल."

फोन ठेवून ती उठली. अश्विनीही उठली.

"तू नको," पूनम म्हणाली. "तू इथेच बस."

"मी नुसती सोबत—"

"तुझे रकाने राहिलेत ना? भर." तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि त्याचाच अश्विनीला जास्त धक्का बसला. दाराशी गेल्यावर पूनम वळली. "माझ्या आईचा नंबर लाल डायरीत आहे. बाबांना नको, त्यांना बीपी आहे. आईला लाव, आणि सरळ सांग. तिच्याकडे बसून चहा पिऊ नकोस."

दार तिच्या मागे अर्धवट लागलं. बाहेर मेथीची परात जमिनीवर सरकल्याचा आवाज झाला. मॅम काहीतरी पुटपुटल्या आणि पूनम म्हणाली, "तुम्ही थांबा जरा, मॅम." मग विमलकाकूंचा शाळेत वर्गाला दटावल्यासारखा मोठा आवाज आला, "काय म्हणतेस? नीट सांग, मोठ्याने सांग."

पूनमने मोठ्याने सांगितलं.

अश्विनी पलंगाच्या कडेवर बसली. पासबुक उघडून तिने दहाव्या रकान्यात खात्याचा क्रमांक उतरवायला घेतला, एकेक आकडा. बाहेरचा आवाज वाढला तशी ती मधेच थांबली, कुठवर आलो होतो ते शोधलं, आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून लिहू लागली.