मोठ्या सिस्टरने दिलेला बाप्तिस्मा

"फादर निघालेत, पण नदीपलीकडून यायला तास तरी लागेल," फोन ठेवत बाळाची आजी म्हणाली.

मोठ्या सिस्टरने काचेच्या पेटीकडे पाहिले. आतल्या जिवाकडे तेवढा वेळ नव्हता. सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते.

प्रसूतिकक्षात एकतीस वर्षे काढलेल्या या बाईला सगळे मोठी सिस्टर म्हणत. नर्सा डॉक्टरांपेक्षा तिलाच जास्त वचकून असत. वाईट बातमी मात्र ती कधी दुसऱ्याच्या गळ्यात घालत नसे; स्वतः जाऊन, पलंगाच्या कडेला बसून सांगे. आताही तिने सांगून टाकले.

बाळाची आई रडली नाही. "सिस्टर, तुम्ही ख्रिस्तीच ना? मग तुम्हीच द्या बाप्तिस्मा. अशा वेळी कुणीही दिला तरी चालतो."

"अगं, मी तुमच्या कॅथलिकांतली नाही. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला देतच नाहीत. कळत्या वयात, स्वतःचा विश्वास असेल तरच."

"हिला कुठलं आलंय कळतं वय?"

मोठी सिस्टर उठली. तिने वाटीत कोमट पाणी आणले. आईने तिच्या कानात बाळाचे नाव सांगितले. ते घेऊन तिने तीनदा त्या इवल्याशा कपाळावर पाणी सोडले. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." मग बाळाला टिपून तिने आईच्या छातीशी दिले. वीस मिनिटांनी ते गेले.

फादर धापा टाकतच आले. मोठ्या सिस्टरला बाजूला घेऊन त्यांनी बारकाईने विचारले, "शब्द कुठले म्हणालात? पाणी कपाळावरून वाहिलं ना?"

"वाहिलं. पण फादर, तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यावर माझा विश्वास नाही."

"नसला तरी अडत नाही. बाप्तिस्म्यात ख्रिस्तसभा जे करते तेच करायचं तुमच्या मनात होतं ना? मग झालं. ती आमची झाली."

"आणि मी?"

फादर चांगले माणूस होते, खोटे बोलवेना. "तुम्हीही ख्रिस्ताच्याच. पण प्रेषितांपासून चालत आलेल्या ख्रिस्तसभेत पूर्णपणे आहात, असं नाही म्हणता येणार."

दुसऱ्या दिवशी ती दफनाला गेली. चर्चमध्ये मिस्साची उपासना झाली, सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहिले. तो फक्त त्यांच्यातल्यांनाच; ती मागच्या बाकावर बसून राहिली.

अशी गोष्ट लपते थोडीच! रविवारच्या आत ती तिच्या मंडळीत पोचली. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले. तिचा नवरा मंडळीचा पंच, कारभाऱ्यांपैकी एक. खुर्ची पुढे करून तो खाली मान घालून उभा राहिला.

"ताई, खरी मंडळी कशानं होते? विश्वासानं," पाळकसाहेब म्हणाले. "पाणी शिंपडून माणूस आत येतो असं मानायचं, तर मग आपले पूर्वज त्यांच्यातून बाहेर कशाला पडले? केवढं सोसलंय त्यांनी!"

"मला वाद येत नाही, साहेब. पोर जात होतं आणि आई मागत होती."

"मग सांत्वन करायचं. प्रार्थना करायची. जे मानत नाही ते प्रभूच्या नावानं कसं केलंत?"

हा प्रश्न तिला लागला. कारण तोच प्रश्न ती स्वतःला चार दिवस विचारत होती. पाळकसाहेबांनी निकाल दिला. मंडळीपुढे चूक कबूल करावी, तोवर प्रभुभोजन घेऊ नये.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "दोन शब्द तर बोलायचेत. बोलून मोकळी हो."

"अहो, तुम्हाला काय वाटतं? मी चुकले?"

त्याने पाळकसाहेबांची खुर्ची परत भिंतीशी सरकवली. "शिकवणीप्रमाणे चुकलीस."

"आणि तुम्हाला?"

"मी पंच आहे गं," एवढेच तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला.

रविवारी पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ती उठली. ज्या बायकांची बाळंतपणे तिने केली होती, त्या निम्म्या चर्चभर बसल्या होत्या.

"मी बरोबर केलं की चूक, मला कळत नाही," ती म्हणाली. "पण उद्या कुणी पुन्हा मागितलं, तर मी नाही म्हणणार नाही. हे लपवून इथं बसणं मला जमायचं नाही."

ती खाली बसली. कुणी खोकले, कुणी पुस्तक चाळले. मग प्रभुभोजनाच्या भाकरीचे तबक निघाले. तिच्या रांगेत ते घेऊन आला तो तिचा नवराच. त्याने तबक कडेच्या माणसाच्या हाती दिले, तिच्याकडे पाहिले नाही. तबक हातोहात सरकत तिच्यापर्यंत आले. तिने ते घेतले, आणि तुकडा न उचलता शेजारच्या म्हातारीपुढे धरले. म्हातारीचे हात कापत होते. दोनदा बोटे तुकड्यावरून घसरली.

"सावकाश घ्या, आजी," ती हळूच म्हणाली आणि म्हातारीने घास तोंडात घालेपर्यंत तबक दोन्ही हातांनी स्थिर धरून बसली.