अठरा युनिट

इन्सुलिनच्या पेनाच्या खिडकीत फक्त सम आकडे छापलेले असतात. विषम आकड्याच्या जागी बारीक रेघ असते. पाच वर्षं रोज सकाळी मी बटण फिरवून अठरा आणते, लेक तो आकडा मोठ्याने वाचते आणि मगच टोचून घेते. एकीने मोजायचं, दुसरीने वाचायचं. हा नियम मी रक्त तपासायच्या आमच्या लॅबमधून घरी आणला.

गुरुवारी सकाळी नणंदेचा फोन आला. आम्ही नवराबायको वेगळे झालो, तरी ती मला वहिनीच म्हणते.

"वहिनी, डॉक्टर आता दिवसांचं नाही, तासांचं बोलतात. दादा सारखी पोरीची आठवण काढतोय."

"बघते," मी म्हणाले. आठवडाभर मी तेच म्हणत होते.

रेल्वेने नऊ तासांचा प्रवास. लॅबमधली दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर. बदली माणूस सोमवारी येणार होतं. सोमवारी दोघी जाऊ, असं मी धरून चालले होते. लेक सोळा वर्षांची आहे, पण तिला एकटी पाठवायचा धीर होत नव्हता. गेल्या वर्षी सहलीत तिची साखर उतरली, तिने कुणाला सांगितलं नाही आणि बसमध्येच ती बेशुद्ध पडली. मैत्रिणींना वाटलं, झोपलीय.

"सोमवारी बाबा असतील का?" तिने विचारलं.

"असतील."

"लॅबमध्ये कळलं तुला हे?"

मी पेन उचललं. "सहलीत का नाही सांगितलंस?"

"तू परत कुठे सोडलं नसतंस म्हणून. तशीही नाहीच सोडलंस."

मी बटण फिरवलं, खिडकी तिच्यापुढे धरली.

"वाच ना."

"आकडा बरोबर आहे, आई. पेन जेवणाचं आहे."

पेनावर नारिंगी पट्टी होती. हे जेवणाआधीचं, साखर झटपट उतरवणारं. ते तिला एका वेळी पाच लागतं. अठरा गेलं असतं, तर मी लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या लावत असताना ती इथे पडलेली असती.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं, शून्यावर आणलं, टोपण लावलं. करड्या पट्टीचं, सकाळचं दिवसभर पुरणारं, उघडलं.

"तू रोज पट्टी बघतेस?"

"आधी पट्टी, मग आकडा. तुझ्या नियमात पट्टी नव्हती. मी घातली."

"आणि गाडीत कोण वाचणार?"

"मीच, मोठ्याने. लोक घाबरून सरकतील, ऐसपैस जागा मिळेल."

मला हसू आलं नाही. नारिंगी पट्टीचं पेन मी लांब सरकवलं.

"अठरा," ती म्हणाली. टोचलं, दहापर्यंत मोजलं, सुई काढून डब्यात टाकली. मी घड्याळ पाहिलं. साडेसात.

"दहा चाळीसची गाडी आहे," मी म्हणाले. "तिने जा. एकटी जा."