फुंकरीने पडलेला गेंडा

सभागृहात खुर्च्या आठशे आणि माणसं बाराशे. व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातला फुंकरबाबा उभा होता. वजन फार तर पंचावन्न किलो, तेही झग्यासकट. समोर एकशे बारा किलोंचा, मानेपासून पोटरीपर्यंत काळ्या कापडात आवळलेला पैलवान. बाबाने डोळे मिटले, गाल फुगवले आणि दहा फुटांवरून नुसती फुंकर मारली. पैलवान हवेत उडाला आणि पाठीवर असा आदळला की अख्खं व्यासपीठ दणाणलं. काहीजण रडले, काही खुर्च्यांवर चढले.

"मी काही केलं नाही हो," बाबा माइकमध्ये कुजबुजला. "मी कोण? मी नुसती बासरी. फुंकणारा वर बसलाय! पण मला एक सांगा, जी फुंकर गेंड्याला लोळवते, ती तुमच्या साखरेला सोडेल? दम्याला सोडेल?"

"नाही!" बाराशे गळे ओरडले.

तो पडलेला पैलवान म्हणजे मी. 'गेंडा' हे माझं रिंगणातलं नाव. मी स्वतंत्र व्यावसायिक कुस्तीगीर आहे. स्वतंत्र म्हणजे कुठल्याही कंपनीने न नेमलेला. पिशवीत पोशाख, गुडघ्याचा पट्टा आणि मलम घेऊन गावोगाव हिंडायचं, कधी शाळेच्या व्यायामशाळेत, कधी बाजाराच्या गच्चीवर रिंगण मांडायचं, आणि आधी ठरल्याप्रमाणे जिंकायचं किंवा हरायचं. मी बहुतेक हरतोच. पडण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही.

आमच्या धंद्यातलं गुपित अगदी साधं आहे. फेकणारा फेकत नाही, पडणारा उडी मारतो. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, सगळी पाठ एकदम टेकवायची आणि दोन्ही हात फळीवर आपटायचे. फळीखाली पोकळी असली की आवाज असा होतो, जणू भिंत कोसळली. बाबाच्या माणसाने मला बोलावलं तेव्हा म्हणाला, "करमणुकीचा कार्यक्रम आहे, तुमच्या नेहमीसारखा." मी मान डोलावली. आमचे प्रेक्षक हे सगळं नाटक आहे हे जाणून ओरडतात. तिथले प्रेक्षक जाणत नव्हते. एवढा मोठा फरक माझ्या जाड डोक्यात शिरला नाही, याची मला आजही लाज वाटते.

दीड महिन्यात नऊ वेळा पडून मी घरी आलो. आई शिवणयंत्रावर वाकून माझा पोशाख नीट करत होती. माझे सगळे कपडे तीच शिवते. आज टीप वाकडी जात होती आणि सुईत दोरा ओवताना तिच्या हातून चारदा चुकला. ताई हॉस्पिटलात नर्स आहे. तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"आईने इन्सुलिन बंद केलंय."

"कधीपासून?"

"तुझा तो पराक्रम बघून आली तेव्हापासून. महिना झाला. साखर चारशेच्या वर आहे. पायाच्या अंगठ्याला फोड येऊन तो चिघळलाय, आणि तिला दुखतसुद्धा नाही!"

मी तसाच बाहेर आलो. "आई, त्या फुंकरीत काही नाही गं. मी स्वतःच उडी मारतो."

"गप रे. पडल्याची लाज वाटते तुला, म्हणून बोलतोस."

"पोशाखाच्या पाठीला जाड अस्तर कशाला लावायला सांगतो मी तुला?"

"पडतोस म्हणून."

"मग?"

"मग काय मग? पडतोसच ना!"

रिंगणातलं हरणं ठरलेलं असतं हे तिला ठाऊक होतं, पण रिंगणाबाहेर एवढासा होतो तेव्हापासून मला कोणी ढकलू शकलं नव्हतं, हा आईचा अभिमान. मला ज्याने लोळवलं तो तिच्या दृष्टीने देवच. ताईने समजावलं, डॉक्टरांनी दरडावलं, आई म्हणायची, "सुया टोचून टोचून चाळण झाली माझी. आता पुरे."

शेवटी मी ठरवलं, पुढच्या कार्यक्रमात पडायचंच नाही. आई आणि ताईला पहिल्या रांगेत बसवलं. बाबाने फुंकर मारली. मी उभा. त्याने पुन्हा मारली, या वेळी थुंकीही उडाली. मी उभाच. मी माइक हिसकावला.

"लोकहो, हा पाडत नाही, मी पडतो! हे बघा!" आणि कोणी फुंकलं नसताना मी पडलो. उठलो, पुन्हा पडलो. हनुवटी कशी धरायची, हात कसे आपटायचे, सगळं करून दाखवलं. बाबाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपला.

पण त्याने धावत येऊन माझ्या कंबरेला मिठी मारली. "पाहिलंत? नऊ वेळा मी याचा अहंकार पाडला. आज अहंकार उरलाच नाही, मग पडणार काय? आणि आता बघा, फुंकरीशिवाय पडतोय! शक्ती मुरली याच्या अंगात!"

टाळ्या आधीपेक्षा दुप्पट झाल्या. एक म्हातारे गृहस्थ माझ्याच पाया पडले. पहिल्या रांगेत आई आनंदाने रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातला ओटा आणि टेबल यांच्यामध्ये उभा राहिलो. "आई, आता तू फुंकर मार मला."

"मी? वेडा का तू?"

"मार तर खरी."

तिने गरम दुधावर मारतात तशी हलकीशी फुंकर मारली. मी उडी घेतली आणि फरशीवर पाठ टाकली. फरशीखाली पोकळी नसते. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ताई किंचाळली.

"बघितलंस?" मी पडल्या पडल्या म्हणालो. "तू कोणी बाबा नाहीस. तुझ्या फुंकरीत काही नाही. मी पडायचं ठरवलं म्हणून पडलो."

आईने तोंडावर हात ठेवला. आता पटलं, असं मला वाटलं. कसलं काय!

"म्हणजे बाबांनी मलाही शक्ती दिली," ती हळूच म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली, पाय मांडीवर घेतला आणि काळ्या पडलेल्या अंगठ्यावर फुंकर घालू लागली. ताई भिंतीकडे तोंड करून रडू लागली. मी फरशीवरून उठलोच नाही. उठून करणार काय होतो? माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. उभं राहून पाहिलं, पडून पाहिलं, खरं सांगून पाहिलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी डॉक्टरांनी आईचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापला. तेवढ्यावर जीव वाचला, असं ते म्हणाले. आता ताई तिला रोज सुई टोचते आणि आई गुपचूप टोचून घेते, पण पटलं म्हणून नव्हे. आपल्याच श्रद्धेत काही उणं राहिलं, असं तिला वाटतं. बाबावर तिचा राग नाही. तो अजूनही फुंकतोय. माझ्या जागी दुसरा एक पैलवान पडतो, आणि खोटं कशाला बोलू, छान पडतो.

मी पंडित नाही. पडण्यापलीकडे मला काही येत नाही, म्हणून तेवढ्याबद्दलच सांगतो. कोणी फुंकरीने माणूस पाडला तर त्याला म्हणा, तुझा पैलवान बाजूला ठेव आणि माझ्या ओळखीच्या एखाद्या साध्या माणसाला पाड. आमच्या पोस्टमनला पाड, आमच्या वाण्याला पाड. तो पडला तर मी जन्मभर गप्प बसेन. आणि तोपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी, एक सुई बंद करू नका. तुम्ही टाळ्या वाजवत असता तेव्हाही साखर तिचं काम करतच असते.