सत्तावीस नंबरच्या प्लॉटचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. देव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याबाबत लोकांचा तसा समज एकदा झाला होता आणि तो निस्तरताना एका म्हातारीचा जीव मेटाकुटीला आला होता. मी साधा हद्दीचा दगड. नाशिकच्या अंबड भागात कारखान्यांच्या मागे जी वसाहत आहे, तिथल्या सत्तावीस नंबरच्या मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात मी उभा आहे. जागचे हलायचे नाही, एवढेच माझे काम. ते मी आजवर चोख केले आहे.

१९९१ साली पुंजा नावाच्या पाथरवटाने मला खाणीतल्या काळ्या खडकातून फोडले आणि चारी बाजूंनी तासले. प्लॉटचे मालक नामपूरचे कांद्याचे व्यापारी होते, खंडेराव त्यांचे नाव. बाकीच्या प्लॉटवाल्यांनी कोपऱ्याला लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. खंडेरावांचा खुंटीवर भरवसा नव्हता. त्यांनी पुंजाला सांगून माझ्या छातीवर अक्षरे कोरून घेतली, 'खंडेराव कांदेवाले, नामपूर, प्लॉट २७'. मग स्वतः पहार घेऊन खड्डा खणला, मला त्यात उभे केले, पायाने माती दाबली आणि आपल्या बागलाणी बोलीत म्हणाले, "आते आठून हालू नको, भाऊ."

मी हललो नाही. खंडेराव मात्र गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी बंगला बांधू, असे ते म्हणत होते. पण प्लॉट नुसता पडून राहिला तरी त्याचा भाव वाढतो, हे त्यांच्या लक्षात आले. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! आपले नाव सरकारी कागदाला लावून घ्यायलाही त्यांना सवड झाली नाही. ते फक्त माझ्या छातीवर राहिले.

१९९४ साली माझ्या शेजारी दोन खोल्यांचे घर उभे राहिले. तिथे सावित्रीबाई राहायला आल्या. त्या पेठकडच्या डोंगरातल्या. गावाकडे भात आणि नागली निघाली की दर वर्षी त्या बांधकामाच्या कामाला नाशकात उतरत. वसाहतीतल्या निम्म्या घरांच्या विटा त्यांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. मुलगा किशोर कारखान्यात कायम झाला, तेव्हा शेवटी स्वतःच्या घराच्या विटाही त्यांनीच वाहिल्या. संध्याकाळी त्या माझ्यापाशी बसायच्या, माझ्या अंगाला पाठ टेकवायच्या आणि 'काय रे गड्या' म्हणून माझी चौकशी करायच्या. मित्रांनो, दगडाला कोणी कसा आहेस म्हणून विचारत नाही. त्या विचारायच्या.

त्या वेळी प्लॉट स्वच्छ होता. मग एकाने जाता जाता कचऱ्याची पिशवी टाकली. ती कोणी उचलली नाही, म्हणून दुसऱ्याला धीर आला. पुढे फुटक्या फरश्या आल्या, सडलेली भाजी आली, एकदा तर आख्खी गादी आली. रिकाम्या जागेत गाजरगवत माजले आणि माझ्या खांद्यापर्यंत चढले. माझी अक्षरे त्यात बुडाली. तोवर ती वाचायची कोणाला गरजच पडली नव्हती. डास झाले, उंदीर झाले. अधूनमधून कोणीतरी ढिगाला काडी लावून जाई आणि दिवसभर धूर सावित्रीबाईंच्या खिडकीतून आत शिरत राही.

त्यांना दमा लागला. आधी थंडीपुरता होता, मग बारमाही झाला. चार पावले चालल्या की त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि त्यांच्या छातीतली शिट्टी मला ऐकू यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, धूर आणि हे गवत यांच्यापासून लांब राहा, नाहीतर दुखणे हाताबाहेर जाईल. किशोर घाबरला. आईने गावी मामाकडे जाऊन राहावे, असे त्याने अगदी हळू आवाजात सुचवले.

सावित्रीबाईंनी ऐकून घेतले, दम घेतला आणि म्हणाल्या, "कचरा जाईल. मी नाय जायची."

आता त्यांनी काय केले ते ऐका. त्यांच्या गावच्या शिवेवर वाघदेव आहे. शेंदूर लावलेला दगड. तिथे कोणी थुंकत नाही, घाण तर लांबच राहिली. सावित्रीबाईंनी विचार केला, तिथली युक्ती इथे का चालू नये? २००१ सालातल्या एका सकाळी किशोर आणि सूनबाई मीना दोघेही कामावर गेलेले पाहून त्या विळा, शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. माझ्याभोवतीचे गवत त्यांनी कापले. माझ्या छातीवरून बोट फिरवले. त्यांना वाचता येत नव्हते. पाथरवटाची टाकी घसरलेली दिसते, असे त्या पुटपुटल्या आणि बोटाने शेंदराचा जाड थर माझ्या अक्षरांवर चढवू लागल्या.

मी आतून ओरडत होतो. बाई, ज्याने हा कचरा काढायचा त्याचे नाव आहे हो हे! पण दगडाला तोंड कुठे? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले ते मालकाचे नाव सांगण्यासाठी, आणि देवपण आले ते नाव झाकून टाकल्यावर.

युक्ती महिनाभर चालली. पिशवी घेऊन आलेली माणसे मला पाहून थबकत, घाईने नमस्कार करत आणि पिशवीसकट परत जात. सावित्रीबाई खिडकीतून हसायच्या. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मग कोणीतरी हार घातला. तो वाळला, तेव्हा माझ्यामागे टाकला. पाठोपाठ घरोघरचे निर्माल्य येऊ लागले. नारळाच्या शेंड्या, फुटलेल्या काचांच्या तसबिरी, मोडके देव्हारे, आणि हे सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून. घरात ठेवायला नको आणि फेकायला भीती, असे जे जे होते ते माझ्या पायाशी आले. पूर्वी बुधा नावाचा सफाई कामगार आठवड्यातून एकदा हातगाडीभर कचरा तरी उचलून नेई. आता तोही हात लावीना. देवाचे सामान कचऱ्यात कसे टाकू, असे तो कळवळून विचारी. त्याचेही चुकत नव्हते. त्यात सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या आणि धूप. सावित्रीबाईंची गत आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखी झाली.

चौकातल्या गेणूने माझ्यासमोर नारळ-फुलांचे टेबल मांडले. गेणू वाईट माणूस नव्हता, पण त्याचे टेबल चांगले चालू लागले आणि माझ्यावरची त्याची श्रद्धा वाढत गेली. २००३ साली त्याने जाहीर केले की दसऱ्याला इथे लोखंडी खांब रोवून पत्र्याचा मंडप घालायचा आणि कर्णा बसवायचा. त्याच आठवड्यात सावित्रीबाईंना दोनदा दवाखान्यात न्यावे लागले. किशोरने आता विचारलेही नाही. आईला दसऱ्यानंतर पेठला पोचवायचे, असे त्याने ठरवून टाकले आणि पलंगाखालची पेटी बाहेर काढली.

मीना मुकाट्याने बसणारी नव्हती. रजा टाकून ती वॉर्डाच्या कचेरीत गेली आणि आरोग्य निरीक्षकांना प्लॉटवर घेऊनच आली. ते समजूतदार गृहस्थ होते. नाकाला रुमाल लावून त्यांनी सगळे पाहिले आणि सावित्रीबाईंच्या दाराशी उभे राहून नियम सांगितला. मोकळा प्लॉट स्वच्छ ठेवणे, गवत काढणे, कुंपण घालणे ही मालकाची जबाबदारी असते. तो करत नसेल तर त्याला नोटीस द्यायची. तरीही नाही केले तर साफसफाई करून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. पण कागदावर अजून जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याचेच नाव होते, आणि तो कधीच वारला होता.

"मालक सापडला तर नोटीस मी उद्या पाठवतो," ते म्हणाले. "पण मंडप घालायच्या आत. एकदा इथे देऊळ झालं की प्रकरण वर्षानुवर्षं हलणार नाही."

ते गेले. सावित्रीबाई उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मीना म्हणाली की शेंदूर लावला नसता तर निदान बुधाने कचरा तरी नेला असता. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण सावित्रीबाईंचा चेहरा उतरला. आपणच हे ओढवून घेतले, हे त्यांना पुरते कळले होते. मला त्यांची फार कीव आली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी गेणू आणि चार माणसे खांब घेऊन आली. पाहतात तो सावित्रीबाई माझ्यासमोर बसलेल्या. जवळ गरम पाण्याची बादली, नारळाच्या काथ्याची चोयटी, खुरपे आणि वाटीभर तांदूळ. त्यांनी नाकातोंडाला पदर घट्ट बांधला होता. मीना त्यांच्या मागे उभी होती.

हे काय चालले आहे, असे गेणूने विचारले.

"देवाची पाठवणी," सावित्रीबाई म्हणाल्या.

असे कुठे असते का, देवाचा कोप होईल, सगळ्या वसाहतीला भोगावे लागेल, असे तो बोलू लागला. माणसे जमली. मित्रांनो, त्या दिवशी एक जरी हात म्हातारीच्या आड आला असता तरी सगळे तिथेच संपले असते.

"गेणू, गणपती आणतोस ना घरी?" सावित्रीबाईंनी विचारले. "मग अक्षता टाकून पोचवतोस का नाय? तसाच हा. मी आणला, मीच पोचवते. कोप झाला तर माझ्यावर होऊ दे."

गेणू एक पाऊल मागे सरला. त्यांनी माझ्यावर तांदूळ टाकले, हात जोडले आणि मला खालून जरासे हलवल्यासारखे केले. मी हललो नाही, पण पाठवणी झाली. मग त्यांनी गरम पाणी ओतले आणि खुरप्याने शेंदूर खरवडायला घेतला. दोन वर्षांचा थर होता तो. मध्येच त्यांचा श्वास अडकला. मीना खुरपे घ्यायला पुढे झाली, तशी त्यांनी मान हलवली. माझ्याच हाताने लावला, माझ्याच हाताने काढणार, असा त्यांचा हट्ट होता. थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात टेकून त्या थांबल्या आणि पुन्हा खरवडू लागल्या. काढलेला शेंदूर त्या एका फडक्यात जपून ठेवत होत्या.

आधी 'खं' उघडा पडला. मग 'डे'. चोयटीने त्यांनी जोरात घासले आणि मीना एकदम खाली बसली. तिने मोठ्याने वाचले, "खंडेराव कांदेवाले, नामपूर."

गेणूने खांब खाली ठेवला. "म्हणजे हा हद्दीचा दगड होय?" तो म्हणाला, आणि बुधा गर्दीतून पुढे येऊन हातगाडीत पिशव्या भरू लागला. आता हे देवाचे सामान नाही, असे तो स्वतःलाच सांगत होता.

नोटीस दुसऱ्याच आठवड्यात नामपूरला पोचली. कांदेवाले खंडेराव म्हटल्यावर पोस्टमनला घर विचारावे लागले नाही. आठ दिवसांत खंडेराव आले. बारा वर्षांनी! केस पिकले होते आणि खिशात नोटीस होती. मालकालाच नोटीस देता, हा कुठला न्याय, म्हणून ते तणतणत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"हाऊ मनाच दगड शे," ते म्हणाले. "मीच गाडेल शे."

सावित्रीबाई घरातून बाहेर आल्या. एवढ्या चालण्यानेही त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझा आधार घेतला.

"दादा, तुमचा दगड मी राखला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या प्लॉटची घाण माझ्या छातीत गेली."

खंडेरावांना त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. मी इतकी वर्षे ऐकत होतो, त्यांनी ती पहिल्यांदा ऐकली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मनं चुकनं, बहीन," असे म्हणून ते खाली बघत राहिले. पुढच्या चार दिवसांत ट्रॅक्टर आला, ढीग गेला, गाजरगवत मुळासकट निघाले, तारेचे कुंपण झाले. कुंपणाच्या दाराची किल्ली जाताना त्यांनी सावित्रीबाईंच्या हातात दिली. गेणू पंधरा दिवस आमच्याकडे बघत नव्हता. मग त्याने त्याच टेबलावर भाजी मांडली.

पण एक गोष्ट राहिली होती. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, म्हणजे गावच्या वाघदेवाच्या सणाला, सावित्रीबाईंनी शेंदराचे फडके पिशवीत घातले आणि त्या पेठच्या एसटीत बसल्या. ज्याचा शेंदूर त्याला परत द्यायचा, म्हणाल्या. किशोरने ती पेटीही सोबत द्यायला काढली होती. गावची हवा मानवली तर राहा थोडे दिवस, असे तो म्हणाला. त्यांनी पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. तरी दिवसभर माझ्या मनात धाकधूक होती. माहेरची माणसे आग्रह करतील, तिथला वारा छातीला बरा वाटेल, आणि त्या राहतील. आपण कितीही घट्ट उभे असलो तरी जाणाऱ्या माणसाला धरून ठेवता येत नाही, हे त्या दिवशी मला कळले.

दिवेलागणीला रस्त्याच्या वळणावर त्या दिसल्या. हातात रिकामी पिशवी होती. घरात न जाता त्या आधी माझ्याकडे आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठा श्वास घेतला. शिट्टी होती, पण बारीक.

"काय रे गड्या," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. अक्षरांच्या कडा झिजल्या आहेत, तरी वाचता येतात. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखा एखादा दगड तुमच्या गल्लीत दिसला तर त्याला शेंदूर लावू नका, हार घालू नका, नमस्कारही करू नका. त्याच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. आणि हातातली पिशवी घंटागाडी येईपर्यंत आपल्याच दाराशी ठेवा. पलीकडच्या घरात कोणीतरी श्वास घेत असते.