सहलीचा परवाना

सीमानाक्याच्या खिडकीतल्या माणसाने ओबदुलियाचा परदेशी पासपोर्ट दोन बोटांनी परत सरकवला.

"जन्मगाव कोयामे," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही इथल्याच. मग पर्यटकाचा परवाना कशाला मागता, बाई?"

"इथले कागद माझ्याकडे नाहीत. गाडी टेक्सासची आहे. परवाना नसला तर या ओहिनागा शहराच्या पुढच्या नाक्यावरून परत पाठवतात."

"कागद टाकून दिलेत वाटतं."

"हरवले."

"हिचं सगळं हरवतंच, साहेब," मागून आवाज आला. "फोन नंबर हरवतो. गावचा रस्ता हरवतो."

ओबदुलियाने मागे वळून पाहिलं नाही. तिचा थोरला भाऊ फेर्मीन सकाळच्या बसने कोयामेहून आला होता आणि सीमेवरच्या पुलाच्या या टोकाला उन्हात उभा राहून तिची वाट बघत होता. तिने गाडी थांबवल्यावर त्याने दार उघडलं नाही, गळाभेट तर दूरच. काचेशी वाकून एवढंच म्हणाला होता, "आईला मी नेऊ देणार नाही. आधीच सांगून ठेवतो." ती पर्स उचलून खिडकीकडे चालू लागली होती, आणि तो तिच्यामागे.

छताचा पंखा गरम हवाच फिरवत होता. अधिकाऱ्याने नाइलाजाने फॉर्म ओढून घेतला.

"प्रवासाचा उद्देश?"

"आईला भेटणं."

"तसा रकाना नाही. सहल लिहितो."

"सहलच लिहा," फेर्मीन म्हणाला. "बारा वर्षांत तीनदा आली. तिन्ही वेळा गळ्यात कॅमेरा."

"फेर्मीन, तू गप्प बस."

"का? साहेबांना कळू दे. आईचे पाय लुळे पडले तेव्हा ही कुठे होती? घरात सगळं करायला माझी बायको. आणि आता फोनवर म्हणते, मी आईसाठी येतेय. तिकडे नेऊन तिला कुठल्या तरी म्हाताऱ्यांच्या घरात टाकणार, नि दर रविवारी फुलं घेऊन जाणार."

मागे रांगेत उभा असलेला ट्रेलरवाला खाकरला. अधिकाऱ्याला मात्र आता घाई नव्हती. त्याने पेन खाली ठेवून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, जसं लोक कोंबड्यांची झुंज बघतात.

"किती दिवस?" शेवटी त्याने विचारलं.

"दोन," फेर्मीननेच उत्तर दिलं. "तिसऱ्या दिवशी हिचा जीव गुदमरतो."

"दोनच?" अधिकारी म्हणाला. "मग इतका वाद कशाला..."

"थांबा." ओबदुलियाने काउंटरवर हात ठेवला. "जास्तीत जास्त किती देता?"

"एकशे ऐंशी. पण ते मी ठरवतो."

"तेवढे द्या."

अधिकारी हसला. "सहा महिन्यांची सहल? कोयामेत? तिथे वाळू नि मेंढ्यांशिवाय काय आहे? कशाला जायचं तेही नीट सांगता येत नसेल तर सातच दिवस देईन, आणि गाडीलाही तेवढेच."

ओबदुलियाच्या मानेवरून घाम ओघळला. तो पुसायलाही तिने हात उचलला नाही.

"टेक्सासमधलं, ओडेसातलं भाड्याचं घर सोडलंय," ती फॉर्मकडे बघत म्हणाली. "गाडीत आहे तेवढंच सामान."

"आणि तुझा नवरा? रोलांदो?" फेर्मीनने विचारलं.

"तो हिवाळ्यातच सोडून गेला. दुसरीकडे राहतो आता."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू फोन उचलतोस तो शिव्या द्यायलाच."

"मग आईसाठी येतेय म्हणालीस ते?"

"आईसाठीच येतेय. न्यायला येतेय असं मी कधी म्हणाले? ते तुझं तू ठरवलंस."

फेर्मीनने बाहेर पाहिलं. काचेतून त्याला तिची गाडी दिसत होती. मागच्या सीटवर छतापर्यंत खोकी, त्यांच्यामध्ये गुंडाळलेली गादी. मघाशी काचेशी वाकला तेव्हा हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरच होतं.

"राहणार कुठे?" अधिकाऱ्याने पेन उचललं. "घर कोणाचं?"

"माझं," फेर्मीन म्हणाला.

"मग तुम्हीच सांगा. ठेवून घेताय सहा महिने?"

ट्रेलरवाला मागून म्हणाला, "अहो, घ्या ना ठेवून, आम्हाला पण जायचंय!" कोणी हसलं नाही. फेर्मीनने बुटाच्या टोकाने फरशीवरची वाळू बाजूला सारली. ओबदुलियाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे मागायचं नाही, हे ती सकाळीच ठरवून निघाली होती.

"घर आईचं आहे," तो शेवटी म्हणाला. "मी कोण हिला नाही म्हणणारा?"

अधिकाऱ्याने आकडा लिहिला आणि शिक्का असा हाणला की काउंटर हलला.

गाडीच्या कागदाची खिडकी वेगळी होती; तिथेही तेवढाच घाम गाळावा लागला. मग फेर्मीनने पुढच्या सीटवरचा टेबलफॅन उचलून मांडीवर घेतला आणि बसला. ओहिनागा मागे पडलं.

"माझ्या बायकोला हे आवडणार नाही," तो म्हणाला.

"मला तरी ती कुठे आवडते?"

"आई तुला ओळखणार नाही. ती कोणालाच ओळखत नाही आता."

"असू दे."

"असू दे म्हणतेस! अंघोळ घालायला गेलं की मारते ती." त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. मनगटापासून वर नखांचे ओरखडे होते, काही जुने, काळे पडलेले, काही अजून ओले.

ओबदुलियाने एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली.

"नखं कापत नाही का तिची?"

"कापायला गेलं की असं होतं."

"मी कापीन."

"बघू," तो म्हणाला, आणि बाही खाली ओढली.

कोयामेचा फाटा आला. दोन्ही बाजूंना तीच पांढरी माती, तीच काटेरी झुडपं. डोळे बांधले असते तरी तिने तिथे गाडी वळवली असती.

"डावीकडे," फेर्मीन म्हणाला.

तिने मान हलवली, आणि जणू त्याने सांगितलं म्हणूनच गाडी डावीकडे घेतली.