बोटीवर चढलेला चुनबे

"काय म्हणाली ती?" मालसुनने विचारलं.

तिच्या मते ती कुजबुजली होती. पुढच्या रांगांतल्या माना वळल्या.

"म्हणाली, माझी वाट बघ!" दोक्जाने तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

"कोणाला म्हणाली?"

"त्या चष्मेवाल्याला गं. तो आता कॉलेजात जातो."

"आणि दोलमे? दोलमे कुठाय?"

"येईल की! जरा बस ना शांत."

"आजी, गप्पा घरी जाऊन मारा ना," मागून एक पोरगा वैतागून म्हणाला. मालसुनला ते ऐकू आलं नाही आणि दोक्जाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोघींचं आयुष्य पुसानच्या बंदरात, योंगदो बेटावरच्या गोदीत गेलं होतं. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या पोटाशी दोरांनी फळी टांगायची, तिच्यावर बसायचं आणि हातोडीने गंज ठोकून काढायचा. दिवसभर कांग, कांग, कांग. त्या आवाजावरूनच अशा बायकांना बंदरात कांगकांगी म्हणत. दोक्जा पहिल्या दिवसापासून कानांत कापूस कोंबायची, म्हणून तिला अजून माणसांचं बोलणं कळे. मालसुनला कापसाने जीव घुसमटल्यासारखा व्हायचा. आता साठीच्या उंबरठ्यावर तिला समोरच्याचं बोलणं धड ऐकू येत नसे. कानातली हातोडी मात्र रात्रंदिवस चालू असायची.

आज तिने खाडा केला होता. ठेवणीतला जांभळा स्वेटर घातला होता, केस कुरळे करून घेतले होते. दोक्जाने चिडवलंही होतं, "अगं, सिनेमाला चाललीस की स्थळ बघायला?" मालसुन हसली नव्हती. पंचवीस वर्षांनी 'टेकडीवरचा हिवाळा'चा दुसरा भाग आला होता आणि त्यात तिला आपला भाऊ पुढे कुठे गेला ते दिसणार होतं.

पहिला भाग पाहिला नाही असं माणूस पुसानमध्येच काय, उभ्या देशात सापडलं नसतं. युद्धाचा दुसरा हिवाळा, उत्तरेकडून पळून आलेल्यांच्या फळकुटांच्या झोपड्या, टेकडीवर पाणी वाहून नेणारी एक मुलगी, तिचा नऊ वर्षांचा खोडकर भाऊ दोलमे आणि त्याचा चष्मेवाला भित्रा मित्र. सिनेमात कोणी मरत नव्हतं. शेवटी दोलमे धक्क्यावरून एका मालवाहू बोटीवर चोरून चढतो, बहीण "दोलमे!" करत धावत येते, तोवर बोट सुटलेली असते; तो घोंगडीच्या कापडाची कानटोपी काढून हलवतो आणि हसतो. तिथेच सिनेमा संपायचा. दर चूसॉकच्या सणाला टीव्हीवर तो लागायचा आणि दर वर्षी लोक रडायचे.

ती मुलगी म्हणजे मालसुन. दोलमे म्हणजे तिचा चुनबे. आणि भित्रा मित्र म्हणजे शेजारच्या झोपडीतला बांग इक्सू, जो पुढे दिग्दर्शक झाला. चुनबे धक्क्यावर सैनिकांना सिगारेटी विकायला गेला आणि परत आला नाही. त्या संध्याकाळी इक्सूने मालसुनच्या आईला सांगितलं होतं, "काकू, तो बोटीवर चढला. मी बघितलं." एवढ्या एका वाक्यावर आई उरलेलं आयुष्य जगली. सिनेमा आल्यावर तर तिला पुरावाच मिळाला. टीव्हीवर तो लागला की आई पूर्ण वेळ भाजी निवडत बसायची आणि शेवटच्या दृश्याला मान वर करायची. म्हणायची, "बघ, कसा हसतोय मेला."

आता पडद्यावर चष्मेवाल्याचं प्रेमप्रकरण चाललं होतं. मालसुन सारखी चुळबुळत होती. स्वेटरची बाही वर कर, खाली कर, पिशवी मांडीवर घे, पायाशी ठेव. एकदा तर उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि परत आली.

"तुझ्या बुडाखाली काटे आहेत का?" दोक्जा म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर धक्का आला. तोच हिवाळा, तीच बोट. मालसुन ताठ बसली. चष्मेवाला आपल्या मैत्रिणीला लहानपणचं काही सांगत होता. दोलमे बोटीच्या दोराला लटकला. चढला नाही. हात सुटला. बोट आणि धक्का यांच्यामधल्या अरुंद पाण्यात तो गेला आणि मग काळ्या पाण्यावर टोपी तेवढी तरंगत राहिली. संगीत इतकं मोठं झालं की मालसुनलाही ऐकू आलं.

मैत्रिणीने चष्मेवाल्याला मिठी मारली. पुढच्या दृश्यात दोघं बर्फावर घसरायला गेली.

मालसुनने दोक्जाचं मनगट धरलं. "मेला?"

दोक्जा तिच्याकडे बघू शकली नाही. "सिनेमा आहे गं तो."

"मेला ना पण?"

"हो. मेला."

मालसुन उठली. लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, कोणाची तरी मक्याच्या लाह्यांची पुडी सांडत ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली.

बाहेरच्या दालनात ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागली. लाह्या विकणारी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "आजी, बरं वाटत नाहीये का?" मालसुनने हात हलवला आणि चालतच राहिली. तिच्या कानातली हातोडी आज ताल सोडून वाजत होती.

कोपऱ्यातल्या कॉफीच्या यंत्राजवळ पांढऱ्या केसांचा एक माणूस डब्यातली कॉफी पीत उभा होता. सिनेमा संपल्यावर नटनटींसोबत मंचावर येऊन प्रेक्षकांना नमस्कार करायचा, असा आजचा बेत होता. त्याच्या कोटाला कागदी फूल लावलेलं होतं. मालसुन त्याच्यासमोर जाऊन थांबली. त्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि कॉफीचा डबा घाईघाईने खाली ठेवला.

"नूना!" थोरल्या बहिणीला मारावी तशी त्याने हाक मारली, लहानपणी मारायचा तशीच. कमरेत वाकून नमस्कार केला. "तुम्ही आलात? कळवलं असतंत तर पुढची जागा..."

"मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."

"कळवायचं ना!" तो ओरडला.

"चुनबेला का मारलंस?"

इक्सूने आजूबाजूला पाहिलं. लाह्यांवाल्या मुलीचा हात पुडीतच थांबला होता.

"नूना, तो चुनबे नाही. दोलमे आहे. सिनेमातला मुलगा."

"टोपी चुनबेची होती. माझ्या आईने शिवलेली. पहिल्या वेळी तूच येऊन विचारून गेला होतास, कान कसे शिवले होते म्हणून."

तो काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"निर्माते म्हणाले!" त्याला पुन्हा आवाज चढवावा लागला. "म्हणाले, दुसऱ्या भागात कोणीतरी जायला पाहिजे! नाहीतर लोक रडत नाहीत!"

"पहिल्यात कोण गेलं होतं? रडले की लोक."

एवढा मोठा, बक्षिसं मिळवलेला माणूस, पण लहानपणी पाणी भरायच्या रांगेतून ढकलून दिल्यावर उभा राहायचा तसा खांदे पाडून उभा होता. मालसुनला वाटलं, आता पुरे, परत फिरावं. पण पाय हलेनात. जे विचारायचं ते अजून राहिलंच होतं.

"इक्सू, खरं सांग. तू बघितलं होतंस ना? चढताना?"

त्याचे ओठ हलले.

"मोठ्यानं!"

"आठवत नाही, नूना!" तो ओरडला. तिकिटं फाडणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. "मला आठवतच नाही! पहिल्या सिनेमात ती बोट मी कितीदा सोडायला लावली, कितीदा तो तुकडा कापला, जोडला... आता मला तीच बोट आठवते. त्या दिवशीची आठवत नाही. तिचा रंगसुद्धा नाही!"

"म्हणजे तू बघितलं नव्हतंस?"

"असंही नाही म्हणता येत! काकूंना मी सांगितलं, ते आठवतं. काकूंनी मला भाजलेलं रताळं दिलं, तेही आठवतं. त्याच्या आधीचं काही दिसतच नाही!"

"आणि हे आजचं? पाण्यात पडलेलं?"

"ते लिहिलं! हॉटेलच्या खोलीत बसून!"

"म्हणजे खोटं."

त्याने मान हलवली. हो म्हणतोय की नाही, ते तिला कळलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते. एक तरुण मुलगी कागद हातात घेऊन धावत आली. "सर, चला, दिवे लागले." इक्सू तिथेच खिळून उभा होता.

मालसुन पुढे झाली. त्याच्या कोटाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. गंज ठोकून ठोकून वाकड्या झालेल्या बोटांनी तिने ती बाहेर काढली, नीट बसवली.

"जा," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

तो गेला. दार उघडलं तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या आणि लाह्यांवाली मुलगी आत डोकावून म्हणाली, "ई, किती कमी."

थोड्या वेळाने दोक्जा बाहेर आली. तिच्याबरोबर लोकही येत होते. कोणी जांभया देत, कोणी हसत. "ह्यापेक्षा टीव्हीवर जुनाच बघितला असता," कोणी म्हणत होतं. दोक्जा तणतणत होती. "शेवटी सगळे विमानतळावर गळ्यात पडतात. एवढ्यासाठी मी खाडा केला! आणि तू कुठे हरवलीस?"

"चल, चालत जाऊ," मालसुन म्हणाली.

"पूल ओलांडून? एवढ्या वाऱ्यात? वेडबिड लागलंय का?"

पण दोक्जा गेली तिच्याबरोबर. पुलावर मालसुन दर थोड्या अंतरावर थांबून खाली पाण्यात बघत होती आणि दर वेळी दोक्जा तिचा स्वेटर मागून घट्ट धरून उभी राहत होती.

पुढचे दिवस तिचे धड गेले नाहीत. फळीवर बसून ती ठोकायची आणि मध्येच थांबायची. जहाज आणि धक्का यांच्यातली पाण्याची पट्टी तिने जन्मभर पाहिली होती. आता तिच्याकडे नजर गेली की हातोडी हातातच राहायची. मुकादम वरून ओरडायचा, "ओ मालसुनबाई, झोप लागली का?" घरी ती उभ्यानेच जेवायची. टीव्ही लावायची, बंद करायची. पहाटे उठून बंदरावर जाऊन यायची. आई गेली तेव्हासुद्धा ती अशी भिरभिरली नव्हती. आईचं दुःख होतं, त्याला जागा होती. ह्याला जागाच नव्हती.

त्याच महिन्यात आईची तिथी आली. मुलगा ग्वांगहो आणि सून मिरान संध्याकाळी लवकरच आली. नवऱ्याच्या घरात सासू-सासऱ्यांच्या शेजारी आपल्या आईबापांसाठी पान मांडायचा हट्ट मालसुनने वर्षांपूर्वी धरला होता, कारण त्यांच्यासाठी मांडणारा त्यांचा मुलगा, चुनबे, घरी नव्हता. मिरान मासा तळत तळत बऱ्याच वेळा सासूकडे बघत होती. शेवटी गॅस बारीक करून ती जवळ आली आणि तोंड समोर आणून स्पष्ट बोलली.

"आई, एक बोलू? रागावू नका हं. मी पण तो सिनेमा बघितला."

"मग?"

"मामांचं पण पान मांडूया का आता? इतकी वर्षं झाली. ते उपाशी राहिले असतील, असं मनात येतं हो."

ग्वांगहो खाली मान घालून बसला होता. त्याने पानामागे लावायचे आजी-आजोबांच्या नावांचे कागद लिहून ठेवले होते. शेजारी तिसरा कोरा कागद होता. बोलणं दोघांचं आधीच ठरलं होतं, हे मालसुनला दिसलं. ती रागावली नाही.

"तांदूळ जास्त टाक," ती सुनेला म्हणाली.

पान मांडलं गेलं. फळं, मासा, रस्सा, भाताच्या वाट्या. मालसुनने वडिलांच्या वाटीवरचं झाकण काढलं आणि गेलेल्यांना वाढतात तसा चमचा भातात उभा रोवला. मग आईच्या वाटीत. सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला आणि त्यांनी निवांत जेवावं म्हणून पाठ फिरवून उभे राहिले.

मग तिने पितळी वाटी घेतली, तिच्यात शिगोशीग भात भरला. ग्वांगहोने लेखणी उचलली. "काय लिहू आई? नाव कसं लिहायचं मामांचं?"

"राहू दे ते."

"मग भात?"

मालसुनने वाटीवर झाकण ठेवलं. ती पानाकडे गेलीच नाही. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे चुलीची ऊब जमिनीखालून सगळ्यात जास्त येते, तिथे तिने वाटी ठेवली. बाहेर गेलेलं घरचं माणूस उशिरा येणार असलं की ठेवतात तशी. शेजारी चमचा आडवा ठेवला, आणि वाटीवर रजईचं टोक ओढून घेतलं.

जेवणं झाली. मिरान भांडी गोळा करत त्या कोपऱ्यापर्यंत आली, वाकली, आणि विचारायला म्हणून तिने सासूकडे पाहिलं.

"असू दे," मालसुन म्हणाली. "अजून गरम असेल."