शालनमावशीचं विमान

"पट्टा लावा! विमान सुटतंय!" राजनंदिनी ओरडली. वय वर्षं चार. गळ्यात रुमाल, हातात कुरमुऱ्यांची वाटी. आज ती हवाईसुंदरी होती आणि कुणालाही सोडत नव्हती.

शालनमावशीनं मांडीवरच्या सम्यकभोवती पदर गुंडाळून गाठ मारली. हात लांब करून मिक्सर सुरू केला. रिकामं भांडं घरघरायला लागलं. सम्यकचे डोळे मोठे झाले, ओठ वाकडा झाला. आता सूर लागणार, तेवढ्यात मावशीनं तोंडात बाटली दिली. रडं दुधाबरोबर पोटात गेलं.

"बघ, चढलं का नाय वर? ढगात आलो आपण."

दारात सम्यकची आई उभी होती. मैत्री. महाप्याच्या ऑफिसातून सुटून तशीच आलेली, खांद्यावर लॅपटॉपची बॅग.

"मावशी, हे काय चाललंय?"

"इमान हाय. चप्पल काढा आन् बसा. खिडकीची जागा माझी, आधीच सांगते."

"आणि हा मिक्सर?"

"मग इंजान काय तोंडानं वाजवू?"

मैत्री हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

शालनमावशी साताऱ्याकडची. नवरा बाबासो वाशीच्या मार्केटात माथाडी. जुईनगरच्या सिडको बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांचं घर आणि त्याच घरात मावशीचं पाळणाघर. बोर्ड नाही, काही नाही. नोकरीवाल्या आया सकाळी पोरं देतात, संध्याकाळी नेतात. राजनंदिनी त्यातलीच. एवढ्या वर्षांत किती पोरं आली आणि शाळेला लागून निघून गेली. मावशी कुणासाठी रडत बसली नाही. सम्यक तिच्याकडे आला तेव्हा त्याला मानही धरता येत नव्हती. आता तो दीड वर्षाचा होता आणि पुढच्या आठवड्यात गुवाहाटीला चालला होता. त्याच्या बाबाची, आकाशची, बँकेतली बदली झालेली. आकाश आधीच तिकडे. मैत्रीला पोराला घेऊन एकटीनं विमानानं जायचं होतं.

हे कळल्यापासून मावशीला दुसरं काही सुचत नव्हतं. विमान तिनं नेहमी खालून पाहिलेलं. आत काय असतं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता पडला आणि एकदम सगळे पडले.

"आत मोरी असते का हो? लंगोट बदलायला?"

"असते. छोटी. आत फळी असते, भिंतीतून खाली ओढायची. त्याच्यावर झोपवायचं बाळाला."

"आन् सीट? त्याची येगळी?"

"दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवरच. त्याचा छोटा पट्टा असतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवतात."

"मंजे दोघं एकाच खुंटीला," मावशी म्हणाली. तिला ते फार आवडलं.

मैत्रीनं मोबाईल काढला. रोज रात्री ती त्यात वाचत बसायची, बाळाला घेऊन विमानात कसं जायचं. मावशी समोर मांडी घालून बसली, कीर्तनाला बसल्यासारखी.

"विमान चढताना आणि उतरताना बाळाला दूध पाजा. नाहीतर कानात दडे बसतात."

"आमच्या खंबाटकी घाटातबी बसतात. यष्टीत आमी चिंचा चोखायचो. पुढं?"

"खेळणी सगळी एकदम काढू नका. एकेक काढा. नवीन असली तर उत्तम."

"झाकणं द्या डब्याची. खेळणं कशाला लागतंय त्याला? पुढं?"

"बाळाचे जास्तीचे कपडे हाताशी ठेवा. आणि आईचाही एक जोड."

"आईचा का?"

"मूल ओकलं तर ते आईच्याच अंगावर ओकतं ना मावशी."

"ह्ये बरीक खरं लिवलंय," मावशी म्हणाली. "ल्हिणारी बाई लेकुरवाळी दिसतीय. पुढं?"

"त्याची झोपेची वेळ सांभाळा. बाळ मांडीवर झोपलं की प्रवास निभावतो." मैत्रीनं वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग गाठ सोडली. "या. आता तुमी बसा जागेवर."

मैत्री बसली. सम्यकला तिच्या मांडीवर दिलं. मिक्सर लागला. बाटलीही दिली. सम्यकनं बाटली ढकलली आणि दोन्ही हात मावशीकडे करून असा रडला की राजनंदिनीनं कुरमुरे खाली ठेवले आणि कान हातांनी झाकले.

मावशीनं मिक्सर बंद केला. पण पोराला घेतलं नाही. हात निघाले होते, तिनं ते मागे घेतले.

"बघितलं?" मैत्री म्हणाली. "घरी पण असंच. रविवारी दिवसभर माझ्याकडे असतो, पण झोप आली की दाराकडे बघतो. मी सकाळी जाते, रात्री येते. त्याचं तरी काय चुकलं? पण तीन तास मावशी, सगळे लोक बघणार. माझंच मूल माझ्याकडे थांबत नाही, हे सगळे बघणार."

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर," मैत्री एकदम म्हणाली. "खरंच. तिकीट मी काढते. दोन दिवस राहा, गुवाहाटी बघा, परत या. बाबासोकाका करतील दोन दिवस जेवणाचं."

शालनमावशीच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. विमान. खिडकी. खाली ढग. सम्यक मांडीवर. तिनं तोंडावर पदर धरला, कारण हसू लपत नव्हतं.

"इचारते ह्यांना," ती म्हणाली.

जेवताना बाबासोला सांगितलं. बाबासोनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"जा की. आयुष्यात कवा जाणारेस? लगीन झाल्यापास्नं तुला मी महाबळेश्वरबी दावलं न्हाय."

"जाऊ म्हंता?"

"पोरालाबी बरं. त्येला तू पायजेच." त्यानं भाजी ओढली. "फकस्त एक सांग, तिथं गेल्यावर तू माघारी फिरलीस की मग ते काय करंल?"

मावशीचा घास हातातच राहिला. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मिक्सर आला, बाटली आली, डब्याची झाकणं आली. हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रीला सांगितलं, "मला न्हाय जमायचं. माझं डोकं गरगरतं उंचावर." आणि आपल्या जुन्या सुती साडीचं शिवलेलं दुपटं तिच्या हातात ठेवलं. गावाकडे परक्या घरी जाणाऱ्या लेकराबरोबर असं देतात. जुनी साडी, किती वेळा धुतलेली, लोण्यासारखी झालेली. "ह्यात गुंडाळा. गप झोपंल."

पण नाही झोपला. सकाळी मैत्री आली तीच सुजलेल्या डोळ्यांनी. "मावशी, तुमच्या दुपट्यात घातलं ना, की तो ते नाकाला लावतो आणि मग तुम्हाला शोधतो. उचकटून बघतो, तुम्ही आत आहात का. रात्रभर."

मावशीनं दुपटं परत घेतलं. घडी करत राहिली. परत उलगडलं, परत घडी केली. केवढी चूक! पोराला आईकडे पाठवायचं आणि बरोबर आपला वास बांधून द्यायचा.

"तुमचा एखादा ड्रेस द्या," ती म्हणाली. "न धुतलेला."

"न धुतलेला?"

"घामाचा. हापिसातनं आलेला. आन् लाजू नका, पोराला सेंट नकोय."

त्या दिवसापासून मावशीच्या खांद्यावर मैत्रीचा पिवळा कुर्ता आला. सम्यकला घेतलं की डोकं कुर्त्यावर. दूध पाजताना कुर्ता त्याच्या गालाशी. थोपटताना मावशी नेहमीचं गुणगुणायची तेही तिनं बंद केलं. मैत्री मोबाईलवर एक अंगाई लावायची, भीमाची, तिच्या आईकडून आलेली. मावशीनं ती रेकॉर्ड करून घेतली आणि तीच लावायला लागली. शब्द पाठ झाले तरी स्वतः म्हटली नाही.

"ह्यो कुणाचा कुर्ता?" बाबासोनं विचारलं.

"मैत्रीताईचा."

"तुला बसत न्हाय."

"मला कुठं घालायचाय?"

शेवटच्या संध्याकाळी परत विमान मांडलं. मैत्री जागेवर, सम्यक तिच्या मांडीवर, राजनंदिनी वाटी घेऊन तयार. मावशीनं मिक्सर सुरू केला, बाटली मैत्रीच्या हातात दिली आणि दार ओढून घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

आतून रडं आलं. मोठं आलं. मावशी उठली. दाराच्या कडीला हात लावला. परत येऊन बसली.

बाबासो मार्केटातून आला. "बाहेर का बसलीयास?"

"इमान उडतंय."

तो तिच्या शेजारी बसला. अंगाला कांद्याच्या गोणीचा वास. दोघं ऐकत राहिली. रडणं, मग हुंदके, मग मिक्सर थांबला आणि मैत्रीचा आवाज, बारीक, स्वतः गात असलेला. मग तोही थांबला.

"झोपलं वाटतं," बाबासो म्हणाला.

"व्हय."

"मग जा की आत. बघ तरी."

"नको," मावशी म्हणाली. "जागं व्हईल."

सकाळी उलव्याकडच्या नव्या विमानतळावर मावशी सोडायला गेली. आत तिकीटवाल्यांनाच सोडतात. दारातल्या जवानानं तिकीट बघितलं, मैत्रीचं कार्ड बघितलं, सम्यकचा चेहरा बघितला. सम्यक त्याच्या टोपीकडे एकटक बघत होता. आईच्या खांद्यावरून टोपी दिसत राहिली तोवर बघत राहिला. मैत्रीनं वळून हात केला. मावशीनं केला नाही. ती खांबाच्या आड सरकली होती.

दुपारी पोरं निजली होती. मोबाईल वाजला. मैत्रीचा व्हिडिओ कॉल. मावशीनं घाईघाईनं उचलला.

"मावशी, झोपला!" मैत्री इतक्या मोठ्यानं बोलली की मावशीनं आवाज कमी केला. "वर जाताना दूध प्यायला आणि झोपला. माझ्या मांडीवर. उतरताना हलवून उठवावं लागलं. शेजारचे काका म्हणाले, किती गुणी बाळ आहे."

"हायच तो गुणी. वकला का?"

"थोडासा. माझ्याच अंगावर." मैत्री हसत होती. मागे गाड्या, हिरवी झाडं, आकाशचा हात. "थांबा, दाखवते तुम्हाला. सम्यक, बघ कोण आहे? बघ बघ, कोण आहे?"

मोबाईल हलला. झाडं गेली, आभाळ आलं, आणि सम्यकचा गाल जवळ आला.

शालनमावशीनं पटकन अंगठा कॅमेऱ्यावर ठेवला.

"मावशी, तुमच्याकडून काळं दिसतंय."

"नेटवर्क न्हाय," मावशी म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि ओठ दाबून धरले, आवाजही नको म्हणून.

तिला मात्र सगळं दिसत होतं. सम्यकनं काळ्या पडद्यावर बोट टेकवलं. थोडा वेळ बघितलं. काही नव्हतं तिथं. मग त्यानं तोंड फिरवलं, आईच्या मानेत घातलं, आणि डोळे मिटले.

कॉल कट झाला तरी मावशीचा अंगठा तिथंच होता.